शर्यतीत अजून कोण आहे?

‘आपण रविवारी जिंकलो, क्लीव्हलंड हरलं आणि मायामी किंवा डेन्व्हर यांपैकी एक जरी हरलं, तर आपण सहावे. ती दोघंही जिंकली तर सातवे. पण क्लीव्हलंड जिंकलं, तर आपलं यंदाचं आटोपलं.’

डिसेंबर सरत आला की अमेरिकेतल्या फुटबॉलवेड्यांच्या तोंडी या धाटणीची वाक्यं असतात. स्पर्धेचे दोन-तीन आठवडे उरलेले असतात. काही संघांचं पुढे जाणं पक्कं झालेलं असतं, काहींचं संपलेलं असतं आणि मधल्या संघांचे पाठीराखे कागद-पेन्सिल घेऊन वाद घालत असतात. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. क्रिकेटच्या एखाद्या स्पर्धेचे साखळी सामने संपत आले की आपल्याकडेही असाच हिशोब सुरू होतो. गणिताच्या तासाला ‘जर-तर’ची विधानं पाहून जांभया देणारी मुलं अशा वादात मात्र चार-चार अटींची विधानं बिनचूक हाताळतात, हे पुष्कळ शिक्षकांनी पाहिलं असेल.

या वादांत खरं तर दोन प्रश्न असतात. आपला संघ अजून पुढे जाऊ शकतो का, हा पहिला. आणि गेलाच, तर कितव्या क्रमांकाने, हा दुसरा. पहिला प्रश्न नुसत्या बेरीज-वजाबाकीचा वाटतो. तो तसा नाही, आणि किती अवघड आहे हे स्पर्धेच्या नियमांवर ठरतं. ते कसं, हे पाहण्यासाठी आधी ही स्पर्धा समजून घेऊ.

बत्तीस संघ, चौदा जागा

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं किंवा तो पुढे फेकायचा आणि समोरच्या संघाच्या टोकापर्यंत पोचवायचा, असा तो खेळ. खेळाचे बारकावे आपल्याला लागणार नाहीत. एवढंच ध्यानात ठेवू, की सामना बरोबरीत सुटू शकतो, पण फार क्वचित. ठरलेल्या वेळेत गुण सारखे राहिले तर जादा वेळ देतात आणि त्यातही निकाल लागला नाही तरच बरोबरी.

या खेळाची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल. तिच्यात ३२ संघ आहेत. त्यांचे सोळा-सोळा संघांचे दोन भाग आहेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये चार संघांचा एक, असे चार गट. २०२१ पासून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो. आता प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर ३१ सामने लागतील. म्हणजे सगळे सगळ्यांशी खेळतच नाहीत. दोन संघांचे विजय सारखे असले तरी एकाने ते तगड्या संघांवर मिळवलेले असतील आणि दुसऱ्याने दुबळ्यांवर. पुढच्या बऱ्याच भांडणांचं मूळ इथे आहे.

प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ बाद फेरीत जातात. चार गटांचे चार विजेते, आणि उरलेल्या बारा संघांपैकी सर्वांत चांगली कामगिरी असलेले तीन. या तिघांना ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात. मग सातांना मानांकन मिळतं. गटविजेत्यांना १ ते ४, वाइल्ड कार्ड संघांना ५ ते ७. पहिल्या मानांकनाच्या संघाला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. दुसरा सातव्याशी, तिसरा सहाव्याशी, चौथा पाचव्याशी खेळतो आणि सामना वरच्या मानांकनाच्या संघाच्या मैदानावर होतो. जानेवारीतल्या बर्फात, हजारो माणसांच्या गोंगाटात परक्या गावी जाऊन खेळायचं की एक आठवडा विश्रांती घेऊन आपल्याच मैदानावर, हा फरक लहान नाही.

गटविजेता नेहमीच वर, या नियमाचे परिणाम कधीकधी चमत्कारिक होतात. ५ जानेवारी २०२५ रोजी डेट्रॉइट आणि मिनेसोटा यांचा शेवटचा साखळी सामना होता. दोघंही एकाच गटातले, दोघांचेही १४ विजय आणि २ पराभव. जो जिंकेल त्याला पहिलं मानांकन, हरेल त्याला थेट पाचवं! डेट्रॉइट ३१-९ असं जिंकलं. चौदा सामने जिंकलेला मिनेसोटाचा संघ पाचवा ठरला आणि त्याची गाठ दहाच सामने जिंकलेल्या, पण गटविजेत्या असलेल्या लॉस एंजेलिसच्या रॅम्सशी पडली. वणव्यांमुळे तो सामना ॲरिझोनात हलवावा लागला, तरी मिनेसोटा हरलंच. विशेष म्हणजे डेट्रॉइटही आपल्या मैदानावरचा पहिलाच सामना वॉशिंग्टनकडून हरलं. मानांकनाने सोय होते, विजयाची हमी मिळत नाही. याचं उलटं उदाहरण २०१० च्या हंगामातलं. सिअ‍ॅटलचा संघ १६ पैकी फक्त ७ सामने जिंकून गटविजेता झाला, त्यामुळे ११ सामने जिंकलेल्या न्यू ऑर्लिन्सला त्याच्या गावी यावं लागलं, आणि सिअ‍ॅटलने तो सामना ४१-३६ असा जिंकला. मानांकन गटाच्या नव्हे तर विजयांच्या संख्येवरून द्यावं, असा प्रस्ताव २०२५ मध्ये मांडला गेला. तो मांडला होता डेट्रॉइटने, म्हणजे ज्याचा या नियमाने नुकताच फायदा झाला होता त्यानेच. पुढे तो मागे घेण्यात आला.

शक्यता मोजणं आणि संभाव्यता मोजणं

शेवटच्या आठवड्यात १६ सामने असतात. बरोबरी सोडून दिली तर प्रत्येक सामन्याचे दोन निकाल. म्हणजे एकूण शक्यता २ चा १६ वा घात, ६५,५३६. बरोबरीही धरली तर ३ चा १६ वा घात, ४,३०,४६,७२१. दोन आठवडे उरले असतील तर बरोबरी सोडूनसुद्धा सुमारे ४२९ कोटी. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे दुप्पट-दुप्पट करत ठेवण्याची गोष्ट मुलांना माहीत असते, तीच ही गोष्ट.

तरीही माणसं हा हिशोब कागदावर करतात. ते जमतं, कारण आपल्या संघाच्या दृष्टीने सोळापैकी बहुतेक सामन्यांना काही अर्थ नसतो. दुसऱ्या कॉन्फरन्सचे सामने बाजूला, ज्यांचं भवितव्य ठरून गेलं आहे त्यांचे आपसातले सामने बाजूला. उरतात तीन-चार. अनावश्यक फांद्या आधी छाटायच्या आणि मग मोजायचं, ही युक्ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारेही वापरतात.

इथे एक चूक मात्र सर्रास होते. समजा, आपल्याला पुढे जाण्यासाठी दोन गोष्टी हव्यात. आपण जिंकलं पाहिजे, आणि ब व क या दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी निदान एक हरला पाहिजे. तीन सामने, आठ शक्यता. त्यांपैकी सोयीच्या तीन. म्हणजे आपली संधी आठात तीन, साडेसदतीस टक्के, असं कुणीतरी ठासून सांगतो. हे खरं ठरायला तिन्ही सामने नाणेफेकीसारखे असायला हवेत. तसे ते नसतात. समजा आपण जिंकण्याची संभाव्यता ०.७ आहे. पण ब आणि क यांची गाठ दुबळ्या संघांशी आहे आणि प्रत्येकाची जिंकण्याची संभाव्यता ०.८ आहे. दोघंही जिंकण्याची संभाव्यता ०.८ × ०.८ = ०.६४. निदान एक हरण्याची ०.३६. म्हणून आपली संधी ०.७ × ०.३६ = ०.२५२, म्हणजे चारात जेमतेम एक. आपला संघ चांगला असूनही संधी साडेसदतीसवरून पंचविसावर आली!

आता एकच बदल करा. ब आणि क यांचे सामने दुबळ्या संघांशी नाहीत, तर एकमेकांशीच आहेत. मग बरोबरी वगळता त्यांच्यातला एक हरणारच. दुसरी अट आपोआप पुरी झाली आणि आपली संधी थेट ०.७ वर गेली. ब आणि क यांचे विजय तेवढेच, उरलेले सामनेही तेवढेच. फक्त ते कुणाशी आहेत हे बदललं. गुणतक्त्यात ही माहिती नसते.

बेरजेत न दिसणारी गोष्ट

हीच गोष्ट पहिल्या प्रश्नाला, म्हणजे ‘अजून पुढे जाता येईल का’ याला लावून पाहू. एक काल्पनिक स्पर्धा घेऊ. अ, ब, क, ड हे चार संघ एका गटात आहेत आणि गटातला पहिलाच पुढे जाणार आहे. सामने बरोबरीत सुटत नाहीत. सध्याची स्थिती अशी:

अ : ९ विजय
ब : ९ विजय
क : ८ विजय
ड : ७ विजय, ३ सामने बाकी (गटाबाहेरच्या संघांशी)

अ-ब यांचे आपसात २ सामने बाकी आहेत, अ-क यांचे २ आणि ब-क यांचा १. याखेरीज त्या तिघांचे कुठलेही सामने उरलेले नाहीत.

ड च्या पाठीराख्याचा हिशोब सरळ आहे. आपण तिन्ही जिंकू, आपले १० होतील. आज कुणाचेच १० झालेले नाहीत. इतरांनी थोडी माती खाल्ली की आपण निदान बरोबरीत तरी पहिले! वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर ‘अजूनही आशा’ असा मथळा येतो तो याच हिशोबावर.

आता जरा थांबून पाहा. ड ला वाव हवा असेल तर अ ने अजून जास्तीत जास्त १ सामना जिंकावा, ब ने १ आणि क ने २. म्हणजे तिघांच्या मिळून ४ विजयांना परवानगी आहे. पण त्यांच्यात आपसातले सामने उरलेत ५. बरोबरी नाही, तेव्हा पाच सामन्यांतून पाच विजय निघणारच आणि ते या तिघांतच वाटले जाणार. चार खुर्च्या आणि पाच माणसं. कुणीतरी एक दहाच्या वर जाणारच. कोण, ते आज सांगता येत नाही, पण ड चं मात्र आजच संपलं आहे.

गंमत अशी, की कुठल्याही दोघांकडे पाहून हे कळत नाही. अ आणि ब यांना मिळून दोन विजयांची परवानगी आहे आणि त्यांच्यात सामनेही दोनच. अ-क यांना तीनची परवानगी, सामने दोन. ब-क यांना तीनची, सामना एक. जोडीजोडीने पाहिलं तर सगळं ठीक. तिघांना एकत्र घेतल्यावरच अडचण दिसते. सरासरीच्या भाषेत सांगायचं तर तिघांचे आजचे विजय २६, आपसातले सामने ५, बेरीज ३१. तिघांत वाटले तर सरासरी १० च्या वर, म्हणजे निदान एक तरी १० च्या वर. वर्गात हे मुलांकडूनच काढून घेता येईल. पाच चिठ्ठ्या आणि तीन डबे पुरतात.

अशा प्रश्नाचं पद्धतशीर उत्तर बेंजामिन श्वार्ट्झ यांनी १९६६ मध्ये दिलं. संदर्भ होता अमेरिकेतल्याच बेसबॉलचा, ज्यात सामने बरोबरीत सुटत नाहीत. त्यांनी हा प्रश्न पाण्याच्या वाटपासारखा मांडला. असं समजा, की धरणातून पाट निघतो. त्याला प्रत्येक जोडीच्या नावाची एक चारी फुटते आणि त्या जोडीचे जेवढे सामने बाकी, तेवढंच पाणी तिच्यात येतं. प्रत्येक चारीचं पाणी त्या दोन संघांच्या शेतांत हवं तसं वाटता येतं. पण प्रत्येक शेताला एक मर्यादा आहे, ‘याहून जास्त विजय चालणार नाहीत’ ही. सगळं पाणी शेतांत मावलं तर आपल्या संघाला आशा आहे. कुठेतरी तुंबलं तर नाही. अशा जाळ्यातून जास्तीत जास्त किती पाणी जाऊ शकेल हे काढायची रीत फोर्ड आणि फुल्कर्सन या गणितज्ञांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्या रीतीने ६५ हजार किंवा ४२९ कोटी शक्यता तपासाव्या लागत नाहीत. वीस संघ असोत की पन्नास, उत्तर झटपट मिळतं. आणि आशा संपली असेल तर कुठल्या संघांच्या टोळक्यामुळे संपली, तेही कळतं. वरच्या उदाहरणात ते टोळकं म्हणजे अ, ब, क.

दोनाऐवजी तीन गुण

आता काही वेळ अमेरिका सोडून आपल्या ओळखीच्या फुटबॉलकडे वळू. तिथे पूर्वी विजयाला २ गुण आणि बरोबरीला १ असा नियम होता. संघांनी बरोबरीवर समाधान न मानता जिंकण्यासाठी खेळावं, म्हणून इंग्लंडने १९८१ मध्ये विजयाला ३ गुण द्यायला सुरुवात केली. विश्वचषकात हा नियम १९९४ मध्ये आला. खेळाच्या दृष्टीने बदल छोटासाच. गणिताच्या दृष्टीने मात्र त्याने पाया हलवला.

जुन्या नियमात प्रत्येक सामन्यातून नेमके २ गुण निघत. दोन-शून्य किंवा एक-एक, बेरीज तीच. म्हणून पाण्याची उपमा लागू पडत होती. जेवढं पाटात आलं तेवढंच शेतांत गेलं पाहिजे. नव्या नियमात निकाल लागला तर ३ गुण निघतात आणि बरोबरी झाली तर २. वाटेत पाणी कमी-जास्त होतं! वरचा सरासरीचा मुद्दाही ढासळतो, कारण एकूण गुण किती निघणार हेच आधी ठाऊक नसतं.

जर्मनीतल्या डॉर्टमुंड विद्यापीठातल्या चार संशोधकांनी १९९९ मध्ये सिद्ध केलं, की तीन गुणांच्या नियमाखाली ‘हा संघ अजून पहिला येऊ शकतो का’ हा प्रश्न संगणकशास्त्रात ज्यांना एनपी-पूर्ण म्हणतात त्या वर्गात मोडतो. हे प्रश्न कसे असतात, ते शिक्षकांना वेगळं सांगायला नको, कारण दर जूनमध्ये ते शाळेचं वेळापत्रक बनवतात. तयार वेळापत्रक हातात आलं तर त्यात एकाच तासाला एक शिक्षक दोन वर्गांवर नाही ना, हे पाच मिनिटांत तपासता येतं. पण तसं वेळापत्रक शोधून काढायचं, किंवा ते शक्यच नाही असं खात्रीने सांगायचं, तर रात्री जागवाव्या लागतात. एनपी-पूर्ण प्रश्नांसाठी, संघांची आणि सामन्यांची संख्या कितीही वाढली तरी झपाट्याने चालेल अशी कुठलीच रीत आजवर सापडलेली नाही. ती असूच शकत नाही, असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. अर्थात अठरा-वीस संघांच्या प्रत्यक्ष स्पर्धेत संगणक उत्तर काढतोच. मुद्दा तत्त्वाचा आहे. एका गुणाच्या बदलाने सोपा प्रश्न अवघड झाला, आणि नियम करणाऱ्यांच्या ते ध्यानीमनीही नसणार.

एनएफएलमध्ये बरोबरी म्हणजे अर्धा विजय आणि अर्धा पराभव, असं धरतात. म्हणजे प्रत्येक सामन्यातून एकच विजय निघतो, पाणी कमी-जास्त होत नाही. त्यामुळे गटात पहिलं येण्याचा प्रश्न बराचसा जुन्या, सोप्या जातीचा आहे. तिथली डोकेदुखी वेगळी आहे. वाइल्ड कार्डसाठी कुणाकुणाला आपल्यापुढे जाऊ द्यायचं हेही निवडावं लागतं, आणि विजय सारखे झाले की निकषांची लांब शिडी सुरू होते.

बरोबरी कशी फोडायची?

एकाच गटातल्या दोन संघांचे विजय सारखे असतील तर आधी त्यांचे आपसातले सामने पाहतात. ते सुटले नाही तर गटातली कामगिरी, मग दोघांनी ज्या ज्या संघांशी सामने खेळले त्यांच्याविरुद्धची कामगिरी, मग कॉन्फरन्समधली. त्यानंतरचा निकष मजेदार आहे. तुम्ही ज्यांना हरवलं, त्या संघांनी स्वतः किती सामने जिंकले? म्हणजे सप्टेंबरात आपण हरवलेला एखादा संघ जानेवारीत दुसऱ्या टोकाच्या गावी जिंकला, तर आपलं मानांकन वर सरकू शकतं. शिडीच्या अगदी शेवटच्या पायरीवर नाणेफेक आहे.

तीन संघ सारखे झाले, तर आणखी एक पेच येतो. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला आणि क ने अ ला, तर आपसातल्या सामन्यांवरून काहीच ठरत नाही. म्हणून नियम आहे, की वाइल्ड कार्डसाठी बरोबरीत असलेल्यांमध्ये एकाच गटाचे दोन असतील, तर आधी त्या दोघांत वरचा कोण ते ठरवा आणि मग त्याची तुलना बाहेरच्याशी करा. हा क्रम कागदावर रूक्ष दिसतो. एका रात्री त्याच्यावर तीन शहरांचे जीव टांगले गेले होते.

९ जानेवारी २०२२, रविवार. शेवटचा आठवडा. एका कॉन्फरन्समध्ये शेवटच्या जागांसाठी अनेक संघ शर्यतीत होते. इंडियानापोलिसचे कोल्ट्स, लॉस एंजेलिसचे चार्जर्स आणि लास व्हेगासचे रेडर्स, तिघांचे ९ विजय, ७ पराभव. पिट्सबर्गचे स्टीलर्स ८ विजय, ७ पराभव आणि १ बरोबरी. कोल्ट्सची गाठ होती जॅक्सनव्हिलच्या जॅग्वार्सशी, ज्यांनी सोळापैकी दोनच सामने जिंकले होते. कोल्ट्स जिंकले की आत, एवढा साधा मामला. पण जॅग्वार्सनी त्यांना २६-११ असं हरवलं! तिकडे स्टीलर्सनी बाल्टिमोरला जादा वेळेत १६-१३ असं हरवलं. आता उरला होता एकच सामना, रात्रीचा, चार्जर्स विरुद्ध रेडर्स. दोन जागा, तीन संघ, एक सामना.

दोघांपैकी कुणीही जिंकलं तर जिंकणारा आत, हरणारा बाहेर, आणि उरलेली जागा स्टीलर्सना. पण बरोबरी झाली तर? तिघांचेही ९ विजय, ७ पराभव, १ बरोबरी. आता शिडी लावा. चार्जर्स आणि रेडर्स एकाच गटातले, म्हणून आधी ते दोघं. पहिला सामना चार्जर्सनी जिंकला होता, म्हणून ते वर. चार्जर्स आणि स्टीलर्स यांच्यातला सामनाही चार्जर्सनी जिंकला होता. चार्जर्स सहावे. मग रेडर्स आणि स्टीलर्स. रेडर्सनीही स्टीलर्सना हरवलेलं होतं. रेडर्स सातवे. स्टीलर्स बाहेर. म्हणजे दोन्ही संघांनी ठरवून काहीच न करता वेळ काढला असता, तरी दोघंही पुढे गेले असते!

ही गोष्ट सामन्याआधीच सगळ्यांना कळलेली होती. दोन्ही संघांनी काय करावं, यावर माणसं हिरिरीने बोलत होती. आपणही क्षणभर भावना बाजूला ठेवून मानांकन मांडून पाहू. रेडर्स जिंकले तर पाचवे, बरोबरीत सातवे, हरले तर बाहेर. चार्जर्स हरले तर बाहेर, बरोबरीत सहावे. आणि जिंकले तर? त्यांचे १० विजय होतील, तेवढेच न्यू इंग्लंडचे आहेत, आणि न्यू इंग्लंडने त्यांना हरवलेलं आहे. म्हणजे जिंकूनही सहावेच. चार्जर्सना विजय आणि बरोबरी सारखीच! रेडर्सना मात्र फरक पडत होता. सातवं मानांकन म्हणजे दुसऱ्या मानांकनाच्या कॅन्सस सिटीच्या मैदानावर जाणं, आणि त्या संघाने त्याच हंगामात रेडर्सना ४१-१४ आणि ४८-९ असं दोनदा धुतलेलं.

सामना मात्र जीव तोडून खेळला गेला. चार्जर्स शेवटच्या भागात १५ गुणांनी मागे होते. त्यांनी ठरलेल्या वेळेच्या अगदी अखेरच्या चालीवर २९-२९ केलं. जादा वेळेत रेडर्सनी ३ गुण मिळवले, चार्जर्सनीही मिळवले, ३२-३२. चेंडू रेडर्सकडे होता आणि घड्याळ शून्याकडे चाललं होतं. पिट्सबर्गमध्ये काय अवस्था असेल ती कल्पनाच करावी. ३८ सेकंद उरले असताना चार्जर्सच्या प्रशिक्षकांनी टाइमआउट घेऊन घड्याळ थांबवलं. पळत येणारी चढाई रोखायला योग्य खेळाडू मैदानात आणायचे होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. पुढच्या चालीत रेडर्स दहा यार्ड पुढे गेले आणि अखेरच्या दोन सेकंदांत ४७ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारून त्यांनी ३५-३२ असा सामना जिंकला. रेडर्स पाचवे. स्टीलर्स सातवे. ज्यांना बरोबरी विजयाइतकीच चालणार होती ते चार्जर्स बाहेर. तो टाइमआउट घेतला नसता तर रेडर्सनी वेळ जाऊ दिला असता का, यावर पाठीराखे पुढेही भांडत राहिले. मला विचाराल तर कॅन्सस सिटीची ती दोन धावफलकं विसरणं रेडर्सना कठीण होतं.

असा मोह दर वेळी टळतोच असं नाही. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधल्या खिखोन इथे विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले. गटातला अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच संपला होता, त्यामुळे किती फरकाचा निकाल दोघांनाही पुढे नेईल हे दोघांना नेमकं माहीत होतं. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला बहुतेक वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. १-० ला दोघंही पुढे गेले, आणि पश्चिम जर्मनीला हरवलेला अल्जीरिया घरी. त्यानंतर विश्वचषकात गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करतात. नियमात बदल इतकाच, की खेळाडूंना मिळणारी माहिती उशिरा मिळावी.

वर्गात घ्यायचं असेल तर आपल्या काल्पनिक गटाकडे परत जा आणि एकच आकडा बदला. क चे विजय ८ ऐवजी ७ करा, बाकी सारं तसंच. आता परवानगी अ ला १, ब ला १, क ला ३, एकूण ५. सामनेही ५. ड ला आशा आहे, पण ती नेमक्या एकाच प्रकारे पुरी होते. तो प्रकार मुलांना शोधू द्या. अ-ब यांनी एकेक सामना जिंकायचा, क ने आपले तिन्ही जिंकायचे आणि ड नेही आपले तिन्ही. मग चौघंही दहावर येतात. पहिला कोण, हे ठरवायचे निकष मुलांनी स्वतः लिहावेत, आणि चार टोळ्या करून कुठली टोळी कुठला संघ, याच्या चिठ्ठ्या त्यानंतर उचलाव्यात.